वेलाक्राच्या वाटेवरचा पहिला पुरुष

रोमचे सैन्य एखाद्या नगरावर चालून जाण्याआधी एका वृद्धाला त्या नगरापर्यंत पायी जावे लागत असे. हा नियम सैन्याच्या निशाणांहून जुना होता, आणि ज्या राजाने तो घालून दिला त्याची आठवण निघाली की अजूनही लोक आपला हात ओठांना लावीत.

वृद्धाने डोक्याला लोकरीची पट्टी बांधायची. सोबत रोमच्या गडावरचे पवित्र गवत मुळांसकट, मातीसकट न्यायचे. रोमचे गाऱ्हाणे चार वेळा उच्चारायचे: प्रथम सीमेच्या दगडापाशी, मग सीमा ओलांडल्यावर जो पहिला पुरुष समोर येईल त्याला, मग नगराच्या वेशीत, आणि अखेरीस चौकात. क्रम मोडायचा नाही. सीमेपासून त्या पहिल्या पुरुषापर्यंत मौन पाळायचे. त्याला शोधत हिंडायचे नाही आणि टाळायचेही नाही. महिन्याभरात समाधान न झाल्यास त्याच वृद्धाने परत येऊन सीमेपलीकडे भाला फेकायचा, आणि मगच तलवारी निघायच्या. या विधीवाचून केलेले युद्ध म्हणजे दरोडा, आणि दरोडेखोरांच्या पाठीशी आकाशाचा पिता ज्युपिटर उभा राहत नाही, अशी रोमकरांची अढळ श्रद्धा होती.

ओपितेर नौतियस हे काम तारुण्य ओसरल्यापासून करीत आला होता. ज्या नगरांत त्याने गाऱ्हाणे मांडले त्यांपैकी बहुतेक आता नगरे म्हणून उरली नव्हती. एकाच्या चौकात रोमहून गेलेल्या वसाहतकऱ्यांनी कांदे लावले होते, आणि ते कांदे उत्तम होतात असे बाजारात बोलले जाई. ओपितेर ते विकत घेत नसे. त्याचे गुडघे सुजत, सकाळी बोटे मिटत नसत. तरीही नव्या मोहिमेची वार्ता आली की तो निमूटपणे लोकरीची पट्टी धुऊन वाळत घालीत असे. एकही शब्द त्याने कधी गाळला नव्हता. त्याच्या घराण्यात ही विद्या तोंडातून कानात आलेली होती, आणि आपण तिचे केवळ भांडे आहोत असे तो मानी.

त्या उन्हाळ्यात पाळी आली वोल्स्की लोकांच्या वेलाक्रा नावाच्या डोंगरी गावाची. वेलाक्राच्या लोकांनी रोमच्या वसाहतकऱ्यांची गुरे हाकून नेली, असे गाऱ्हाणे होते. ज्या कुरणातून ती नेली ते काही वर्षांपूर्वी वेलाक्राचेच होते, हे गाऱ्हाण्यात आलेले नव्हते.

पहिल्या दिवशी ओपितेरने सीमेच्या दगडापाशी गाऱ्हाणे उच्चारले आणि भाचा वोलेरो याच्यासह तो पलीकडे गेला. वोलेरोच्या हातात गवताची जुडी होती. वाट सातूच्या पिवळ्या शेतांमधून चढत होती. शेतांत कापणी चालली होती आणि कापणाऱ्या सगळ्या स्त्रिया होत्या. खळ्यावर बैल फिरवीत होती तीही स्त्री, मेंढरांमागे होती तीही स्त्री. वेशीत तीन दांडग्या बायका कोयते मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी या दोघांकडे पाहिले, एकमेकींकडे पाहिले, आणि त्या खो-खो हसू लागल्या. पहिला पुरुष भेटल्यावाचून वेशीत बोलता येत नव्हते. ओपितेर काही वेळ उन्हात उभा राहिला आणि आल्या वाटेने परतला.

सीमेच्या अलीकडे रोमची लहानशी तुकडी तळ देऊन होती. तिचा अधिकारी कायसो मेतिलियस तरुण होता आणि त्याला ही आपली पहिली मोहीम यशस्वी करून दाखवायची होती.

"एकही पुरुष नाही?" तो म्हणाला. "अहो बाबा, मग त्या गावात पोरं काय आभाळातून पडतात?"

"आत आहेत सगळे," वोलेरो म्हणाला. "म्हातारे, तरणे, सगळे कोंडून बसलेत. त्यांना आपला नियम ठाऊक आहे."

"ठाऊक असणारच," ओपितेर पादत्राणे सोडीत म्हणाला. "त्यांच्या शेजारची गावं आपणच गिळली. तिथून पळालेल्यांनी सांगितलं असेल."

"मग बाईला सांगून टाका. बाई काय माणूस नसते?"

"नियमात पुरुष आहे."

"शेतात एक बुजगावणं होतं म्हणे. त्याला सांगा!"

"त्याला कान असले तर सांगेन."

कायसो हसला नाही. रोमचा सर्वोच्च अधिकारी असलेल्या कॉन्सुलची आज्ञा स्पष्ट होती. पौर्णिमेपूर्वी पहिल्या पुरुषाच्या कानी गाऱ्हाणे पडले तरच महिन्याची मुदत द्राक्षे पिकण्याआधी संपणार होती. द्राक्षे पिकल्यावर सैन्य थांबले नसते, कारण त्या सैन्यातला प्रत्येक जण स्वतः शेतकरी होता आणि घरी वेली वाट पाहत होत्या. मग पाऊस, मग थंडी. वेलाक्राला एक वर्ष मिळाले असते. कोठारे भरायला, तट सांधायला, शेजाऱ्यांशी बोलणी करायला एक वर्ष. त्यांना बाकी काही नको होते. वर्षभराने काय, हा प्रश्न बहुधा त्यांनी स्वतःला विचारलाही नसावा.

दुसऱ्या दिवसापासून हे नित्याचे झाले. सकाळी सीमा, मग वाट, मग वेस, मग परत. वाटेच्या मध्यावर अंजिराच्या झाडाखाली एक झरा होता. तेथे एक म्हातारी हातात चाती घेऊन सूत काढीत बसलेली असे. तिचे नाव स्तातिया. हे नाव तिनेच सांगितले, कारण बोलणारी तेथे ती एकटीच होती.

"या, रोमचे पाहुणे," ती म्हणे. "आज पण तसेच परत जायचं ना? बोलू नका, बोलू नका, माहीत आहे मला. तुम्हाला तोंड उघडायची बंदी. किती छान नियम! माझ्या नवऱ्याला कोणी असा घालून दिला असता तर माझा संसार सुखाचा झाला असता."

ओपितेर समोर पाहत झऱ्यापाशी क्षणभर थांबे, कारण चढ तेथेच लागे आणि त्याला दम लागे. म्हातारी त्या क्षणाचा पुरेपूर उपयोग करून घेई.

"आत काय चाललंय सांगते. पुरुष जातं ओढतायत! माझा थोरला पाकिस, बैलाला शिंगं धरून लोळवणारा गडी, त्यानं काल लापशी करपवली. धाकटा मिनिस सकाळपासून पोराला थोपटतोय आणि पोर काही झोपत नाही. म्हणतो, आई, त्या रोमवाल्याला भेटून मोकळा होतो, बायकोची बोलणी तरी थांबतील. मी म्हटलं, गप बस. बायका वर्षानुवर्षं आत बसल्या, मेल्या का?"

शेतातल्या बाया दुरून ओरडत, "आजी, नवरा शोधलास काय गं?"

"शोधला की! माझ्यापेक्षा म्हातारा आहे आणि मुका आहे. अजून काय हवं?"

वोलेरोला हसू आवरत नसे. ओपितेर मात्र पुढे चालू लागे. परतताना ती कधी पाण्याचा मातीचा वाडगा दगडावर ठेवून देई आणि तोंड फिरवून बसे, जणू तो वाडगा तिचा नव्हेच. पहिले दोन दिवस ओपितेरने त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने वाडगा उचलला आणि सगळे पाणी प्यायला.

"मामा, हे नियमात बसतं का?" सीमा ओलांडल्यावर वोलेरोने विचारले.

"नियमात पाण्याविषयी काही नाही."

"पण शत्रूच्या झऱ्याचं पाणी..."

"शत्रू अजून कुठे झालेत ते? मी अजून कोणाला सांगितलंच नाही."

एका दुपारी मात्र म्हातारीने थट्टा केली नाही. चातीवरचे सूत तुटले होते आणि ती ते जोडीत होती. जोडता जोडता मान वर न करता म्हणाली,

"एक विचारू? तुम्ही उत्तर देणार नाही म्हणूनच विचारते. तुम्हाला कंटाळा येत नाही का हो? म्हणजे गावोगाव जायचं, दारात उभं राहायचं, आणि सांगायचं की आता तुमचं काही खरं नाही. मी सुईण होते. मी पण दारोदार गेले. काही पोरं मेलेली निघाली, पण बरीच जिवंत निघाली. तुमच्यामागे काय निघतं?"

ओपितेर उत्तर देऊ शकत नव्हता. नियम नसता तरी दिले असते की नाही, हे त्याला सांगता आले नसते. त्या रात्री तो तळावर जेवला नाही. गुडघ्यांना तेल चोळून देणाऱ्या वोलेरोला तो एवढेच म्हणाला, "हे दिवस मला बरे वाटतायत रे. चालायचं, आणि बोलायचं नाही. असा विसावा मला आजवर मिळाला नव्हता." आणि मग, आपण काही अनुचित बोललो असे वाटून, त्याने हात ओठांना लावला.

त्यानंतर दोन दिवस अंजिराखालची जागा रिकामी होती.

तिसऱ्या सकाळी कायसोने तलवार उतरवून ठेवली आणि तो म्हणाला, "आज मी येतो. साक्षीदार म्हणून. हत्याराशिवाय सीमा ओलांडायला बंदी नाही ना?"

"नाही," ओपितेर म्हणाला.

"पौर्णिमा जवळ आली, बाबा. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या की खरंच कोणी दिसत नाही, की तुम्हाला दिसत नाही."

ओपितेरने त्याच्याकडे पाहिले. रागावण्याएवढे बळ त्याच्यात नव्हते. त्याने पट्टी बांधली आणि तिघे चालू लागले.

झऱ्यापाशी एक तरुण स्त्री उभी होती. तिने केस मोकळे सोडले होते आणि कपाळाला राख फासली होती. शेतांत त्या दिवशी कोणी नव्हते. ती वाटेच्या मधोमध आली आणि ओपितेरसमोर हात जोडून उभी राहिली.

"मी पाकिसची बायको. आजी परवा गेली. ताप चढला आणि उतरलाच नाही. आज तिला बाहेर न्यायलाच हवं, मेलेल्याला आमच्यात तटाच्या आत ठेवत नाहीत. आम्ही सगळ्या जणी म्हटलं, आम्ही खांदा देतो. गावाचं वर्ष जाईल, ऐका. पण ते दोघे भाऊ ऐकेनात. म्हणतात, आईला पोटच्या पोरांचाच खांदा लागतो, नाहीतर ती वेशीतच घुटमळत राहते. पंचांनी समजावलं, तिच्या भावांनी समजावलं. थोरला म्हणाला, आईला चोरासारखी बायकांच्या हातून बाहेर काढायची, तर ते वर्ष घेऊन करायचं काय?"  तिचा आवाज खाली आला. "पाहुणे, तिनं तुम्हाला पाणी दिलं होतं. आज इथूनच मागे फिरा. एवढंच करा. उद्या या."

वोलेरोने मामाकडे पाहिले. कायसो एक पाऊल पुढे सरकला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसू नये अशी खटपट चालली होती.

मागे फिरणे म्हणजे टाळणे. टाळायचे नाही, असे बापाने त्याला सांगितले होते, त्या बापाला त्याच्या बापाने. ओपितेर त्या स्त्रीच्या बाजूने वळून पुढे चालू लागला.  मागून ती वाळूत बसल्याचा आवाज तेवढा आला.

चढावरचे वळण जवळ आले तेव्हा वेशीच्या बाजूने बासऱ्यांचा आणि विलापाचा स्वर ऐकू आला. वळणापलीकडे, अजून दृष्टीआड, पुष्कळ पावले उतरत होती. त्या पावलांत जड पावले होती.

येथे आणखी एक नियम होता, आणि तोही तितकाच जुना होता. पवित्र गवतासह चालणाऱ्याच्या दृष्टीला प्रेत पडता कामा नये. पडल्यास विधी विटाळतो. तिरडी येते असे कळताच त्याने वस्त्राचा पदर मुखावर ओढावा, ती निघून जाईपर्यंत थांबावे, आणि घरी परतून नऊ दिवस शुद्धी करावी. इतक्या वर्षांत ओपितेरला या नियमाचा प्रसंग कधी आला नव्हता. आता दोन्ही नियम एकाच वळणावर येऊन उभे होते. एक म्हणत होता, पाहा. दुसरा म्हणत होता, पाहू नकोस. जो पहिला दिसेल त्यावर सगळे अवलंबून होते, आणि खांदेकऱ्यांपैकी पुढचा माणूस तिरडीच्या आधी एक पाऊलभर तरी दिसतोच.

"येतायत," कायसो कुजबुजला. "बाबा, समोर बघा. फक्त समोर बघा."

ओपितेरने अंगावरच्या वस्त्राचा पदर उचलला आणि डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

लोकर जाड नव्हती. तिच्या विणीतून उजेड येत होता, आणि त्या उजेडात लवकरच हालणाऱ्या छाया आल्या. तेव्हा ओपितेरने डोळे मिटून घेतले. पदर ओढणे नियमाने सांगितले होते. डोळे मिटणे कोणी सांगितले नव्हते. तेवढे एकच त्याने आपल्या मनाने केले.

विलाप जवळ आला. मग तो थांबला. बासऱ्याही थांबल्या. कोणाचा तरी श्वास अगदी समोर येऊन ठेपला. ओझे वाहणाऱ्याचा, दाटलेला.

"हाच का तो?" एक पुरुषी आवाज म्हणाला. "आजोबा, मी पाकिस. हा माझा भाऊ. आम्ही बाहेर आलोय. आता लपत नाही. बोला काय बोलायचं ते."

ओपितेरने पदराची कड हनुवटीखाली घट्ट धरली.

"बोला ना! रोज येत होता ना त्यासाठी? आईला खांद्यावर घेऊन ऐकतो, तिला पण कळू दे."

"बाबा!" कायसो ओरडला. "समोर उभा आहे! दोन हातांवर! पदर काढा आणि बोला!"

"काय झालंय याला?" दुसरा, लहान आवाज म्हणाला. तो मिनिस असावा. "तोंड का झाकलंय?"

"आईमुळे," वोलेरो म्हणाला. त्याला मौनाचे बंधन नव्हते, परंतु आजवर तो त्या वाटेवर कधी बोलला नव्हता. "मेलेलं माणूस बघायचं नसतं त्यांनी. तुम्ही जा. थांबू नका."

कोणी हलले नाही. पाकिसचा श्वास तसाच चालू होता. ओपितेरला वाटले, हा आता हात पुढे करून माझा पदर ओढील, आणि मग मला पाहावेच लागेल. त्या तरुणाला ते हवेही असावे. इतके दिवस आत बसून जात्यापाशी शिजलेला त्याचा अभिमान आता कोणाच्या तरी डोळ्यांत पाहायला भुकेला होता. ओपितेरने पापण्या आणखी घट्ट मिटल्या, आणि आयुष्यात प्रथमच, विधीच्या मध्यभागी, त्याने देवाकडे स्वतःसाठी काही मागितले: याला पुढे जाऊ दे.

मागून धावत आलेल्या पावलांचा आवाज झाला.

"चल," पाकिसची बायको म्हणाली. "चल म्हणते ना. ऊन चढलं. तिला उन्हात उभी करून भांडणार आहेस का?"

 मग ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरकले, लाकूड करकरले, आणि जड पावले त्याच्या बाजूने उतरू लागली. त्यांच्यामागे पुष्कळ पावले गेली, बायकांची, पुरुषांची, किती ते त्याने मोजले नाही. राखेचा आणि ओल्या लोकरीचा वास येऊन गेला. बासऱ्या पुन्हा वाजू लागल्या आणि खाली वाहणाऱ्या ओढ्याच्या दिशेने दूर गेल्या.

"टाळलंत तुम्ही," कायसो म्हणाला. त्याचा आवाज आता चढलेला नव्हता. तो उलट खचलेला होता. "मी पाहिलं. तुम्ही टाळलंत."

विधी भंगला होता, म्हणून मौनही सुटले होते. "तिरडी येत होती, कायसो. मुख झाकायचं असतं."

"तिरडी दिसायच्या आधी झाकलंत."

"ऐकू आली होती."

"कॉन्सुल शपथेवर विचारेल."

"मी शपथेवर सांगेन. ऐकू आलं, झाकलं, आणि कोणी पुरुष पाहिला नाही. हे खरं आहे."  लोकरीतून त्याचा श्वास उष्ण होऊन परत येत होता. "आणि त्याने विचारलं, की पदराआड डोळे उघडे होते का, तर नव्हते, असंही सांगेन."

"का नव्हते?"

"दमलो होतो."

 कायसो वाटेच्या कडेला बसला, उठला, पुन्हा बसला. "नऊ दिवस शुद्धी. पौर्णिमा गेली म्हणजे. या वर्षाची मोहीम संपली." मग स्वतःशीच बोलल्यासारखा तो म्हणाला, "पुढच्या वर्षी येईलच कोणीतरी. गाऱ्हाणं तर आहेच."

"हो, गाऱ्हाणं आहेच," ओपितेर म्हणाला.

"तुम्हाला नाही पाठवणार ते."

"नाही पाठवणार."

"आणि या लोकांचं पुढं काय झालं, ते तुम्हाला कोणी सांगायला येणार नाही."

"कांद्याच्या भावावरून कळतं," ओपितेर म्हणाला, आणि कायसोने चमकून त्या झाकल्या चेहऱ्याकडे पाहिले. हा विनोद होता की काय, हे त्याला समजले नाही.

विटाळ झालेल्या याजकाने सीमा ओलांडेपर्यंत मुख उघडायचे नसते. वोलेरोने गवताची जुडी ओढ्याच्या दिशेला तोंड करून वाटेकडेला ठेवून दिली, कारण ती आता न्यायची नव्हती, आणि मामाचा दंड धरला. उतार होता. म्हाताऱ्याला दगड दिसत नव्हते. "इथे खड्डा आहे, मामा. आता डावीकडे. आता पाय उचला." आंधळ्याला न्यावे तसा तो त्याला नेत होता. ओढ्यापलीकडे चिता पेटल्याचा वास येऊ लागला होता, आणि शेतांत कोठेतरी, अगदी मोकळ्या आवाजात, एक पुरुष दुसऱ्याला हाक मारीत होता. विधी आज भंगला हे गावाला एवढ्यात कळणे शक्य नव्हते. त्यांनी आपण होऊनच लपणे सोडून दिले होते.

"अरे, हा काय करतोय," वोलेरो घाबरून पुटपुटला. "आजच बाहेर पडलेत सगळे. यांना कोणीतरी सांगायला हवं, आत जा म्हणून."

"आता भेटले तरी चालतात," ओपितेर म्हणाला. "मला दिसत नाही."

सीमेच्या दगडाला त्याचा पाय ठेचकाळला. वोलेरोने त्याला सावरले आणि पलीकडे घेतले.

"आलो, मामा. आता काढा पदर."

तळावरून कोणीतरी घोडा रोमच्या वाटेने पिटाळला. पुढे निघून गेलेल्या कायसोचा निरोप चालला होता. ओपितेर चाचपडत खाली बसला, सुजलेले गुडघे त्याने पुढे पसरले, आणि पदर तसाच ठेवला.

"काढतो," तो म्हणाला. "जरा बसू दे."